दिवाणखान्यात दोन व्यक्ती

जयवंत मिठारेला बायको पसंत करायला चाळीस मिनिटं लागली होती, आणि त्यातली दहा पोहे खाण्यात गेली होती. राउटर पसंत करायला मात्र त्यानं नऊ दिवस घेतले.

तसा तो घाईचा माणूस नव्हताच. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत त्याचं तानपुऱ्यांचं दुकान होतं. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात ती कानसेनं कणाकणानं घासायची आणि तार बोलती करायची, याला जवारी लावणं म्हणतात. एका जवारीला तो अख्खा दिवस घालवायचा. गल्लीत त्याच्या कानाला मान होता. केसभर सूर हलला तरी त्याची डावी भुवई वर जायची आणि समोरचा गवई मुकाट्यानं खुंटी पिळायचा. हा कान घरी आल्यावर काढून ठेवता येत नव्हता, एवढीच काय ती अडचण.

राउटरचं निमित्त मुलीनं काढलं. ऋजुता बंगळूरला नोकरीला, आणि रोज संध्याकाळी फोनवर तिची एकच तक्रार, "बाबा, तुमचं तोंड अर्ध्यात अडकतंय." त्यातच जुनी ब्रॉडबँड सेवा तीन महिन्यांत बंद होणार, सगळ्यांनी नव्या वेगवान सेवेवर यावं, असा निरोप आला. मग शबाना जमादार तीन खोकी घेऊन घरी आली. ही वसाहतीतल्या जोडण्या बघायची. पोरगी कामाला चोख होती, आणि बोलायला त्याहून.

"काका, ह्या नव्या लहरी लई नाजूक," ती म्हणाली. "भिंत आली, अडकल्या. माणूस आडवा आला, अडकल्या. माणूस म्हंजे निम्म्याच्या वर पाणीच की. मग खोलीत कोण कुठं बसलंय हे राउटरला आधी कळायलाच लागतंय. त्याशिवाय वळसा घालून लहर कशी पाठवणार त्यो?"

"म्हणजे तो बघतो?"

"बघत न्हाई. चाचपतोय."

ते खरंच होतं. राउटर सेकंदाला शेकडो वेळा खोलीभर लहरी सोडायचा आणि अंगावर आपटून परत आलेल्या लहरी तपासायचा. श्वास घेतला की माणसाची छाती चार-पाच मिलिमीटर पुढे येते, तेवढीच परतणारी लहर लवकर पोचते. हृदयाच्या ठोक्यानं कातडी त्याहून कितीतरी कमी हलते, पण हलते. सुरुवातीला इंजिनिअरांना ही कटकट वाटली होती. नंतर कुणाच्या तरी डोक्यात आलं की हीच कटकट विकता येईल. म्हातारं माणूस न्हाणीघरात पडलं, तान्ह्या बाळाचा श्वास अडखळला, तर राउटरच घरच्यांना कळवेल.

म्हणून खोकी तीन होती. पहिलं जुन्या पद्धतीचं, चाचपडत नाही आणि पळतही नाही. नव्या सेवेवर तेही वर्षभरच चालणार होतं. दुसरं चाचपतं, पण मनातच ठेवतं. तिसऱ्याचं नाव 'घरभान'. त्याला जे कळेल ते तो घरधन्याच्या फोनवर लिहून पाठवायचा: कोणत्या खोलीत किती माणसं, त्यांचा श्वास, त्यांची नाडी.

"तुम्हा दोघांस्नी दुसरं बास हाय," शबानानं सल्ला दिला.

जयवंतनं नऊ दिवस विचार केल्याचं दाखवलं आणि तिसरं घेतलं. वृंदाला म्हणाला, "श्रावणात तुला चक्कर आली होती. मी दिवसभर दुकानात. काही झालं तर कळायला नको?"

वृंदाला बरं वाटलं. इतक्या वर्षांत आपली एवढी काळजी केल्याचं तिला आठवत नव्हतं.

खरं कारण दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होतं, आणि त्याचं नाव नंदन बर्वे. बर्वे पुण्याहून येऊन मिरजेत गाण्याचा वर्ग चालवायचे. विधुर, बांधेसूद, अंगात कायम जाड खादीचं जाकीट. पावसाळ्यात ते तानपुरा बघायला घरी आले होते, कारण जयवंत नवे तानपुरे दुकानात ठेवत नसे. घराच्या दिवाणखान्यात ते चार-सहा महिने भिंतीला टांगून ठेवायचे, तारा सैल सोडून, लाकूड मुरेपर्यंत. ही त्याच्या वडिलांपासूनची पद्धत. चहा देताना वृंदा एवढंच म्हणाली, "साखर कमी पडली असेल तर सांगा." त्यावर बर्वे म्हणाले, "वहिनी, तुमचं बोलणंसुद्धा सुरात आहे हो."

आणि वृंदा हसली. ती अशी हसते हे जयवंत विसरून गेला होता. लग्न झालं तेव्हा ती गायची. पुढे संसार, मुलगी, शाळेतली नोकरी सकाळची, यात गाणं मागे पडलं असावं, बायकांचं पडतं तसं, असं त्यानं धरून चाललं होतं. त्या दिवशी चहा गार होईपर्यंत तो त्या हसण्याकडे बघत राहिला.

घरभान चालू करायला घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची संमती लागायची. कायदाच होता तसा. वृंदा भाकरी थापत होती. जयवंतनं फोन तिच्यापुढे धरला.

"इथं अंगठा लाव."

"कशाला?"

"इंटरनेटला."

तिनं पदराला पीठ पुसलं आणि अंगठा लावला.

पहिले चार दिवस यंत्र नुसतं घर ओळखायला शिकत होतं, ते मजेत गेले. ऋजुताचं तोंड आता इतकं स्वच्छ दिसायचं की तिच्या हनुवटीवरचा मुरूमही मोजता आला असता. पाचव्या दिवशी दुपारी जयवंत कानस घासत असताना फोन थरथरला.

दिवाणखाना, तीन वाजून दहा मिनिटं. दोन व्यक्ती.

एक वृंदा, तिला यंत्र आता ओळखत होतं. दुसरी: अनोळखी. बसलेली. श्वास मिनिटाला तेरा. नाडी अस्पष्ट. दोघांमधलं अंतर वीस सेंटीमीटर.

वीस सेंटीमीटर. जयवंतनं नकळत हाताची वीत पसरून बघितली. एक वीतसुद्धा पुरी होत नव्हती.

साडेचारला अनोळखी माणूस नाहीसा झाला. दारातून गेल्याची नोंद नव्हती. नुसता नाहीसा. तेवढ्यावरून कुणाही शहाण्या माणसानं शबानाला फोन केला असता. पण मत्सर चढलेला माणूस यंत्राला दोष देत नाही, आणि यंत्रानं जे सांगितलं त्याला पुरवण्या जोडतो. बर्वे मागच्या दारानं जात असतील. नाडी अस्पष्ट असणारच, एवढं जाड जाकीट घातल्यावर ठोका कसा कळणार?

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रविवारी जयवंत घरी होता, त्या दिवशी कोणी आलं नाही. याला आणखी काय पुरावा हवा?

सगळ्यात त्याला जाळत होती ती वृंदाची नाडी. त्या दीड तासात ती बहात्तरावरून चौसष्टावर यायची. माणूस आपल्या माणसाजवळ बसला की जसं निवांत होतं तसं. आणि संध्याकाळी सातला, जयवंतची किल्ली कुलपात फिरली की तीच नाडी नव्वदीच्या वर. रोज. घड्याळ लावल्यासारखी. चोरी पकडली जाईल म्हणून घाबरते, त्यानं ताडलं. त्या अनोळखी माणसाच्या श्वासाची रेघही तो दुकानात तासन्‌तास बघत बसायचा. चढ, उतार, चढ, उतार. एक उसासा नाही, एक अडखळ नाही. किती निर्धास्त बसलाय लेकाचा माझ्या घरात, असं त्याच्या मनात यायचं आणि कानस वेडीवाकडी फिरायची. पंधरवड्यात त्यानं दोन घोड्या वाया घालवल्या. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

एका संध्याकाळी जेवताना त्यानं फोन मांडीवर उघडा ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी कोणी आलं होतं का गं?"

"कोण येणार?"

मांडीवरचा आकडा ऐंशीवरून अठ्ठ्याण्णववर गेला.

"नाही, सहज. दुपारी करतेस काय तू शाळेतून आल्यावर?"

"काय करणार? पडते जरा." एकशे चार. "आमटी वाढू?"

"वाढ," जयवंत म्हणाला. ती आमटी तो कशीबशी गिळत होता. समोर बसलेली बाई खोटं बोलतेय हे कळत असताना तिच्याच हातचं जेवायचं. त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या बुधवारी अडीचच्या सुमाराला बर्वे स्वतःच दुकानात येऊन टपकले. तानपुरा काखोटीला, आणि चेहऱ्यावर तेच हसू.

"मिठारे, खर्जाची तार बोलत नाही, बघा जरा."

जयवंतनं त्यांना मुद्दाम समोर बसवलं. तीन वाजू देत, म्हणाला मनात. तीनला कसे उठतात ते बघतो. तो जवारी घासत राहिला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बर्वेंच्या जाकिटाचं हलणं मोजत राहिला. अठरा. बर्वेंना थोडा दम्याचा त्रास दिसत होता. तेरा नाही, अठरा. पण तिच्यापाशी बसल्यावर होत असतील तेरा, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

तीन वाजले. सव्वातीन झाले. बर्वे पुण्याच्या एका मैफलीची गोष्ट सांगत आरामात बसलेले. आणि फोन थरथरला.

दिवाणखाना. दोन व्यक्ती. अंतर वीस सेंटीमीटर.

जयवंतनं फोनकडे बघितलं, बर्वेंकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं. म्हणजे बर्वे नव्हेत. क्षणभर त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं बर्वेंना चहा मागवला असता. पण लगेच मनात आलं: बर्वे नव्हेत, मग कोण? ज्याचं नावही आपल्याला माहीत नाही असा कोण?

तोंड लपवायला त्यानं तानपुरा मांडीवर घेतला आणि छेडायला लागला. पंचम, जोडीच्या दोन तारा, खर्ज. पंचम, जोड, जोड, खर्ज. डोळे भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंद काट्यावर, आणि शेजारी फोनवर त्या अनोळखी माणसाच्या श्वासाची रेघ, चढत, उतरत. मोजायची सवय लागलेली, म्हणून तो मोजत राहिला. काटा फिरून परत बारावर आला.

तेरा.

त्यानं मोजले होते ते श्वास नव्हते. तो स्वतःच्या हाताची आवर्तनं मोजत होता. चार तारांचं एक, असे तेरा फेरे.

त्यानं परत मोजलं. परत तेरा. पंचमापाशी उचलायची, खर्जाला विरायची, परत उचलायची. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवला तर थरथर अशीच फुगून ओसरत होती. फोनवरची रेघ आणि त्याच्या मांडीवरचा भोपळा एकाच चालीनं चालले होते. बिचाऱ्या यंत्राला तानपुरा कधी कोणी दाखवलाच नव्हता. मिनिटाला बारा ते वीस वेळा जे फुगतं आणि ओसरतं ती माणसाची छाती, एवढंच त्याला शिकवलं होतं. ठोका त्याला सापडत नव्हता, कारण भोपळ्याला काळीज नसतं. आणि मांडीवर उभा धरलेला तानपुरा गाणाऱ्याच्या गालापासून असतो किती? वीतभरच.

"काय मोजताय?" बर्वेंनी विचारलं.

"दमसास," जयवंत म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

स्कूटरवर तो एकटाच हसत सुटला. हनुमान मंदिराच्या चौकात तर एका हवालदारानं त्याच्याकडे निरखून बघितलं. भोपळा! स्वतःच्या हातानं कोरलेल्या भोपळ्यावर आपण पंधरा दिवस जळत होतो! घरी जाऊन हे वृंदाला सांगायचं आणि दोघांनी पोट धरून हसायचं. पण वसाहतीच्या वळणापर्यंत ते हसू पुरलं नाही. ती गाते. रोज गाते. तारा चढवते, गाते, आणि सातच्या आत आपण सोडल्या होत्या तेवढ्याच परत सैल करून ठेवते. आपल्या, जयवंत मिठारेच्या, डोळ्यांना आणि कानांना कळू नये इतक्या बारकाईनं. बर्वे असते तर भांडता तरी आलं असतं. पण आपल्यापासून लपवलं जाणारं ते गाणंच आहे, हे त्याला फार लागलं.

दारापाशी तो थांबला. आतून आवाज येत होता. भीमपलास असावा. मोकळा, जरा जाडसर, कुठंही घाई नसलेला आवाज. उतरताना पंचम केसभर खाली राहत होता. त्याची भुवई हलली, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. हातातल्या फोनवर आकडा होता चौसष्ट.

त्यानं किल्ली कुलपात घातली.

आवाज तिथल्या तिथं तुटला. एकाहत्तर. किल्ली फिरली. अठ्ठ्याऐंशी. दार उघडेपर्यंत सत्त्याण्णव. ज्याला तो पंधरा दिवस चोरी समजत होता ते त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच हाताच्या फिरण्याबरोबर चढलं.

वृंदा भिंतीकडे तोंड करून खुंट्या सैल करत होती.

"आज लवकर?"

"गात होतीस."

"छे."

त्यानं फोन पुढे केला. ती शाळेत गणित शिकवायची, आकडे वाचायला तिला वेळ लागला नाही. बोट फिरवत ती एकेक दिवस मागे गेली, अंगठा लावला होता त्या दिवसापर्यंत.

"हे इंटरनेट होय?"

"मला वाटलं... बर्वे येतात."

यावर ती भडकेल किंवा हसेल असं त्याला वाटलं होतं. तिनं दोन्ही केलं नाही. तिनं सातच्या रांगेवर बोट ठेवलं.

"आणि हे काय वाटलं तुम्हाला?"

"वाटलं, काहीतरी लपवतेस म्हणून घाबरतेस."

"लपवतच होते की." तिनं फोन परत त्याच्या हातात दिला. "तुमचं पाऊल वाजलं की सव्वीस वर्षं माझी छाती धडधडते. आणि ते तुम्हाला ह्या डबड्यानं सांगायला लागलं."

"मी कधी हात उचललाय तुझ्यावर? आवाज चढवलाय?"

"नाही हो. तुम्ही चांगलेच आहात." ती पाटावर बसली. "लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोलापूरची गिऱ्हाइकं आली होती. मी आत पीठ मळत गात होते. तुम्ही बाहेरून ओरडलात, 'वृंदा, पंचम पिठात पडला की काय?' ते दोघंतिघं खो खो हसले. तुम्हीही."

जयवंतनं आठवून बघितलं. सोलापूरची गिऱ्हाइकं आठवली, त्यांनी नेलेले तानपुरे आठवले, त्यांच्या जवाऱ्यासुद्धा आठवल्या. ते वाक्य काही आठवलं नाही.

"आता गा," तो म्हणाला. "मी एक अक्षर बोलणार नाही."

"बोलत नाहीच तुम्ही. भुवई हलते."

घरभान त्यानं तिच्यादेखत बंद केलं. दुसऱ्या दिवशी शबानाला बोलावून ते खोकंच बदलून घेतलं, दुसरं बसवलं, मनात ठेवणारं. वृंदानं दारात उभं राहून शबानाला एकच विचारलं, "हा चाचपतो का?"

"चाचपल्याबिगर लहर कशी जाईल, काकी? फक्त सांगत न्हाई कुणाला."

आठ दिवस गेले. तानपुरे भिंतीवर होते आणि तारांना कोणी हात लावला नव्हता. जयवंतनं आता खुंट्यांवर मुद्दाम खुणा करून ठेवल्या होत्या. शेवटी न राहवून तो म्हणाला, "अगं, बंद केलंय ना ते."

"तुम्ही म्हणताय म्हणून. मला कसं कळणार?"

घर तेच होतं, भिंती त्याच होत्या, पण तिला एकटीला बसता येईल अशी खोली त्यात उरली नव्हती. ती कोणी खाल्ली हे दोघांनाही ठाऊक होतं.

नवव्या दिवशी भाजी निवडता निवडता तीच म्हणाली, "मी बर्वेसरांकडे जाणार आहे. नवा वर्ग सुरू करताहेत ते, तीन ते पाच. विचारलंय मी त्यांना."

जयवंतच्या अंगाचा तिळपापड झाला. बर्वे! गावात दुसरं घर नाही? वहिनी, तुमचं बोलणंसुद्धा सुरात आहे हो! नाही म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. म्हटलं असतं तर ती गेलीही नसती, हेही त्याला माहीत होतं. सव्वीस वर्षं गेली नव्हतीच. ती देठं खुडत होती, मान खाली, आणि या वेळी कुठल्या यंत्राशिवाय त्याला दिसलं की ती श्वास रोखून बसलीय.

"तानपुरा कोणता नेतेस?" त्यानं विचारलं.

तिनं मान वर केली. मग भिंतीवरचा मधला दाखवला.

"त्याची जवारी अजून कच्ची आहे. रात्री बसून लावून देतो. आणि सोडतो मी. स्कूटरवर तुला एकटीला धरता यायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तीनला त्यानं तिला बर्वेंच्या फाटकापाशी सोडलं. तीन ते पाच तो दुकानात होता, आणि त्या दोन तासांत त्याला काहीही कळलं नाही. किती माणसं, किती अंतर, किती ठोके, काही नाही. जळला तो, चांगलाच जळला. हातातलं काम दोनदा बाजूला ठेवलं आणि दोनदा परत घेतलं.

पाचला तो फाटकासमोर जाऊन उभा राहिला. वृंदा पायरी उतरून आली ती गुणगुणतच. मग तिला तो दिसला आणि गुणगुणणं थांबलं. ती मागे बसली आणि ते घरी आले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं स्कूटर गल्लीच्या टोकाला लावली. ती फाटकातून निघाली, आणि टोकाला पोचेपर्यंत, तिला स्कूटर दिसेपर्यंत, त्याला तिचा आवाज येत राहिला. चाळीसेक पावलं. उतरताना पंचम थोडा खाली.

तिसऱ्या दिवशी त्यानं स्कूटर आणखी मागे नेली, वळणापलीकडे.